प्रोफेसर ‘स्टाफ’

ज्या घरांतून कोणीही अमेरिकेस गेलेलें नाहीं, असें घर आमच्या वाचकवर्गांत आतां शोधूनच काढावें लागेल. तेव्हां ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द बहुतेकांच्या कानांवरून एकदां तरी गेला असेल. नव्यानें तिकडे गेलेली सून फोनवर सांगते, “आई, मी येथल्या कम्युनिटी कॉलेजांत नांव घातलें.” सासूबाई ही बातमी कौतुकानें शेजारीं सांगतात, शेजारचे कोणी जाणते गृहस्थ किंचित् नाक मुरडून म्हणतात, “हां, म्हणजे युनिव्हर्सिटी नव्हे!” आणि त्या माउलीच्या आनंदावर विरजण पडतें. दुसरा गैरसमज याहून गमतीचा आहे. आपल्याकडे ‘कम्युनिटी’ या शब्दाचा अर्थ जात किंवा पंथ असा होऊन बसल्यामुळें, हें एखाद्या ज्ञातीनें आपल्या मुलांकरितां चालविलेलें कॉलेज असावें, अशी आमच्या एका वृद्ध स्नेह्यांची समजूत होती. “मग आपल्या मुलीस त्यांत प्रवेश कसा मिळाला?” असें त्यांनीं मोठ्या काळजीनें विचारलें.

वस्तुतः येथें ‘कम्युनिटी’ म्हणजे आपण जिला पंचक्रोशी म्हणतों ती. पंचक्रोशींतील कोणाही प्रौढ माणसास, मागील गुणांचा फारसा पाढा न वाचतां, आंत घेणारें, दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणारास लहान पदवी देणारें, आणि पुढें विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षांत जाण्याची वाट मोकळी करून देणारें असें हें कॉलेज असतें. त्याच छपराखालीं परिचारिका, मोटारदुरुस्ती, वीजकाम, पाकशास्त्र, अग्निशमन, हिशेबनिशी अशा धंद्यांचे वर्गही चालतात. सूनबाई ज्या वर्गांत बसत असतील तो कदाचित् इंग्रजी संभाषणाचा असेल, कदाचित् रसायनशास्त्राचा. शेजारच्या बाकावर अठरा वर्षांचा पोरगा असेल आणि पलीकडे पन्नाशी उलटलेल्या बाई. पुष्कळ वर्ग सायंकाळीं भरतात, कारण विद्यार्थी दिवसां पोटाच्या मागें असतात. यांत कमीपणा मानण्याजोगें कांहींएक नाहीं, हें त्या शेजारच्या गृहस्थांस आमच्या वतीनें खुशाल सांगावें.

या संस्थेचा मूळपुरुष म्हणून ज्याचें नांव घेतात तो विल्यम रेनी हार्पर, शिकागो विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष. त्याच्याविषयीं आम्हां संस्कृतच्या मास्तरांस थोडी अधिक आपुलकी वाटावी, असें कारण आहे. येल येथें व्हिटनी या विख्यात संस्कृतज्ञाच्या हाताखालीं त्यानें अध्ययन केलें, आणि लॅटिन, ग्रीक, संस्कृत व गॉथिक या चार भाषांतील संबंधदर्शक अव्ययांची तुलना करून डॉक्टरची पदवी मिळविली, ती वयाचीं एकोणीस वर्षें पुरीं होण्याच्या सुमारास. ज्या वयांत आमचे विद्यार्थी उपसर्गांची यादी म्हणतांना घाम पुशीत, त्या वयांत! असो. कॉलेजच्या चार वर्षांपैकीं पहिलीं दोन हीं शाळेच्याच अभ्यासाचें पुढचें पाऊल होत, तीं विद्यापीठापासून निराळीं काढावीं, असें त्याचें मत होतें. इलिनॉय संस्थानांतील जोलिएट गांवच्या हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनीं त्याच्याशीं विचारविनिमय करून १९०१ सालीं आपल्या शाळेंतच पुढील दोन वर्षांचा अभ्यास सुरू केला. आरंभीं विद्यार्थी सहा. सार्वजनिक पैशावर चालणारें अमेरिकेंतील सर्वांत जुनें ज्युनिअर कॉलेज तें हेंच, आणि तें आजही चालू आहे. (आपल्या अकरावी-बारावीच्या ‘ज्युनिअर कॉलेजा’शीं याचा घोंटाळा करूं नये, तिकडील ज्युनिअर कॉलेज बारावीच्या पुढचें.) १९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या शिक्षणसमितीनें अशीं कॉलेजें गांवोगांव निघावींत असा अभिप्राय दिला, आणि तेव्हांपासून ‘कम्युनिटी कॉलेज’ हें नांव सर्वत्र रूढ झालें. हल्लीं देशभर तीं हजाराच्या आसपास आहेत. एकट्या कॅलिफोर्नियांत ११६. तेथील रहिवाशास एका ‘युनिट’चें, म्हणजे स्थूलमानानें आठवड्याच्या एका तासाचें सत्रभराचें, शुल्क २०१२ सालापासून ४६ डॉलर आहे. तिकडच्या मानानें हें फार थोडें.

हा प्रपंच करण्याचें निमित्त असें. आमची एक भाची कॅलिफोर्नियांत अशाच कॉलेजांतून गणित शिकविते. मामानें जन्मभर खडू झिजविला. त्यास शाळा-कॉलेजांतील बारीकसारीक गोष्टी वाचण्याची हौस. म्हणून ती एका कॉलेजचें मासिक वार्तापत्र आम्हांस ई-मेलनें धाडीत असते. कॉलेजांत कोण आलें, कोण गेलें, कोणाचा सत्कार झाला, कोठें काय नवीन निघालें, एवढाच त्याचा विषय. परंतु संस्थेची प्रकृति जाणण्यास अध्यक्षांच्या भाषणापेक्षां अशीं पानें अधिक उपयोगीं पडतात, असा आमचा जुना अनुभव आहे.

मे महिन्याच्या एका अंकाचेंच पाहा. पहिल्याच पानावर दोन निवृत्तींच्या वार्ता. एक इतिहासाचे प्राध्यापक, आणि दुसरा बागेचा माळी. दोघांचीं छायाचित्रें सारख्याच आकाराचीं, मजकूरही सारख्याच लांबीचा. माळ्यानें ग्रंथालयामागें कोणती झाडें कोणत्या सालीं लावलीं हें सविस्तर दिलें होतें, आणि निरोपाचा केक दोघांनीं मिळून कापला होता. हें वाचून आम्ही क्षणभर थांबलों. आमच्या शाळेंत घंटा देणारा शिपाई निवृत्त झाला तेव्हां त्यास नारळ, टोपी आणि ऑफिसांतल्या ऑफिसांत दोन शब्द. त्याच वर्षीं हेडमास्तरांस मात्र मंडप, मानपत्र आणि तीन तासांचीं भाषणें. तास जर त्या शिपायानें वेळेवर दिला नसता, तर हेडमास्तरांची शिस्त कोणास दिसली असती?

पुढच्या पानावर नवीन नेमणुका, आणि चार वर्षांची उमेदवारी संपवून कायम झालेल्या दोघां शिक्षकांचें अभिनंदन. मग परिचारिका-वर्गाचा समारंभ. पदवीदानाहून हा निराळा. उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकीच्या गणवेशावर तिच्या जिव्हाळ्याचें कोणी माणूस येऊन कॉलेजची पिन लावतें. एका बाईची पिन तिच्या शाळकरी मुलीनें लावली, आणि लावतांना दोघी रडल्या, एवढें एकच वाक्य त्या समारंभाविषयीं होतें. त्याखालीं पाकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं चालविलेली खानावळ बुधवारीं गांवकऱ्यांस खुली असल्याची सूचना. मोटारशाळेंत तपासणीसाठीं जुन्या गाड्या आणाव्यात अशी विनंति. मोटारी उभ्या करण्याचें पटांगण पंधरा दिवस बंद राहणार असल्याबद्दल दिलगिरी. आणि एका कोपऱ्यांत, अन्नकोठीची वेळ बदलल्याची वार्ता.

ही अन्नकोठी म्हणजे काय, हें आम्हांस पत्रानें विचारावें लागलें. तिकडील पुष्कळ कॉलेजांनीं आतां आवारांतच एक खोली ठेविली आहे. तेथें तांदूळ, कडधान्य, दूध, डबाबंद भाजी असते, आणि ज्या विद्यार्थ्याची महिनाअखेर कठीण जाते त्यानें येऊन पिशवी भरून न्यावी, असा परिपाठ. एवढ्या धनाढ्य देशांत! पण ज्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं वार लावून जेवून शिक्षण केलें, त्यांस यांत परकें असें कांहीं वाटूं नये. सोमवार अमक्यांकडे, मंगळवार तमक्यांकडे, आणि एखाद्या वारीं कोणाचेंच घर नसलें तर त्या दिवशीं पाणी पिऊन शब्दरूपें घोकावयाचीं, हें आमच्या आजोबांच्या तोंडून आम्हीं ऐकलेलें आहे. फरक इतकाच, कीं वाराच्या घरीं सर्वांच्या देखत पानावर बसावें लागे. येथें पिशवी घेऊन निघून जातां येतें.

अशीं पांच-सहा वार्तापत्रें वाचून झाल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानीं आली. भाचीचें नांव कोठेंच येत नव्हतें. नऊ वर्षें ती तेथें शिकविते. माळ्याचें नांव येतें, ग्रंथालयांतील नव्या मदतनिसाचें येतें, हिचें नाहीं. म्हणून आम्हीं थोडें भीत भीतच विचारलें, “बाळ, तूं त्याच कॉलेजांत शिकवितेस ना?” उत्तर आलें, “मामा, माझें नांव पाहावयाचें असेल तर वेळापत्रक उघडा. तेथें मी ‘स्टाफ’ या नांवानें आहें.”

सोबत तिनें वेळापत्रकाचें पान जोडलें होतें. विषय, वार, वेळ, खोली, आणि शेवटच्या रकान्यांत शिक्षकाचें नांव. कांहीं ओळींपुढें आडनांवें होतीं. पुष्कळ ओळींपुढें नुसतें ‘स्टाफ’. सत्र जाहीर करतेवेळीं ज्या वर्गाचा शिक्षक ठरलेला नसतो, किंवा ठरला असूनही त्याच्या नेमणुकीचा भरंवसा नसतो, तेथें हा शब्द छापतात. विद्यार्थ्यांत यावरून एक जुना विनोद चालतो, कीं हे प्रोफेसर स्टाफ मोठे विलक्षण विद्वान्. ते एकाच वेळीं बीजगणित, इंग्रजी निबंध, मानसशास्त्र आणि डिझेलचें इंजिन शिकवितात.

या विनोदामागील वस्तुस्थिति अशी. अमेरिकेंतील कम्युनिटी कॉलेजांचा जो अध्यापकवर्ग आहे, त्यांतील सुमारें दोन तृतीयांश लोक अर्धवेळ, म्हणजे सत्रापुरते आणि तासांच्या हिशेबानें नेमलेले असतात, आणि निम्म्याहून अधिक वर्ग तेच शिकवितात. ही कांहीं चोरूनमारून चाललेली गोष्ट नव्हे. तिच्या बाजूनें बोलण्यासारखेंही आहे, आणि तें आधीं सांगितलें पाहिजे. दिवसां रुग्णालयांत काम करणारी अनुभवी परिचारिका सायंकाळीं दोन तास शिकवावयास येते, अग्निशामक दलांतील अधिकारी येतो, हिशेबनीस येतो; अशांस पूर्ण वेळ नको असतो आणि विद्यार्थ्यांस तर त्यांच्या अनुभवाचा लाभच होतो. शिवाय या कॉलेजांची पटसंख्या भरती-ओहोटीप्रमाणें हालते. देशांत नोकऱ्या कमी झाल्या कीं लोक शिकावयास येतात, नोकऱ्या वाढल्या कीं वर्ग ओस पडतात. २०२० सालच्या साथींत तर अनेक ठिकाणीं ते फारच रोडावले. कायमच्या माणसांवर असा भार टाकतां येत नाहीं, हें चालकांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं.

परंतु आमची भाची रुग्णालयांत नाहीं आणि अग्निशामक दलांतही नाहीं. गणित शिकविणें हाच तिचा व्यवसाय, आणि तिच्यासारखे हजारों आहेत. त्यांच्यासाठीं कायदा कसा फिरला, तें मोठें शिकण्यासारखें आहे. कॅलिफोर्नियांत अशी मर्यादा घातलेली आहे कीं, तात्पुरत्या शिक्षकास एका जिल्ह्याच्या कॉलेजांत पूर्ण वेळच्या कामाच्या ६७ टक्क्यांहून अधिक काम देतां येऊं नये. पूर्वीं ही मर्यादा ६० टक्क्यांची होती, २००९ सालापासून ती वाढली. कायम माणसाचें काम तात्पुरत्याकडून काढून घेतलें जाऊं नये, म्हणून हें कुंपण. झालें असें, कीं पोट भरण्यास दोन तृतीयांश काम पुरत नाहीं आणि एका जिल्ह्यांत तेवढेंही मिळत नाहीं, म्हणून तोच शिक्षक सकाळीं एका जिल्ह्यांत, दुपारीं दुसऱ्या आणि रात्रीं तिसऱ्या जिल्ह्यांत शिकवितो. तिन्ही मिळून काम पूर्ण वेळाहून जास्त, आणि तिन्ही ठिकाणीं तो अर्धवटच! महामार्गांवरून असें उडत फिरणाऱ्या शिक्षकांस तिकडे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. १९८८ सालच्या एका कायद्यानें शेंकडा ७५ तास पूर्णवेळ शिक्षकांनीं शिकवावे असें ध्येय ठरविलें. अनेक जिल्ह्यांस तें अद्याप गांठतां आलेलें नाहीं.

भाचीचा गुरुवार तिनें आम्हांस लिहून कळविला होता. सकाळीं आठला एका गांवीं वर्ग. तो सुटल्यावर चाळीस मैल मोटार हांकीत दुसऱ्या गांवीं. मध्यें एखाद्या झाडाखालीं गाडी उभी करून डबा. सायंकाळीं परत पहिल्या बाजूस, रात्रीं साडेनऊपर्यंत. तपासावयाच्या वह्या, खडू, मोजपट्ट्या, तिन्ही कॉलेजांचीं निरनिराळीं पुस्तकें हें सर्व गाडीच्या डिकींत, तिन्ही पेट्यांवर निरनिराळ्या रंगाच्या चिठ्ठ्या. विद्यार्थ्यास भेटावयास बसण्याची खोली बहुतेक ठिकाणीं नाहीं. असली तर ती वीस-पंचवीस जणांत मिळून एक. वर्ग भरण्याइतके विद्यार्थी न आले तर तो सत्राच्या तोंडावर रद्द होतो. आणि कधीं कायम शिक्षकाचा वर्ग भरला नाहीं म्हणजे हिचा भरलेला वर्ग उचलून त्याच्या पदरीं घालतात. पुढच्या सत्राची खात्री इतकी थोडी, कीं कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानें १९८९ सालींच असा निर्णय दिला, कीं अशा शिक्षकांस पुढील सत्राचें वाजवी आश्वासन आहे असें म्हणतां येत नाहीं, सबब दोन सत्रांच्या मधल्या काळांत ते बेकारीचा भत्ता मागूं शकतात. गणिताची शिक्षिका उन्हाळ्यांत बेकारांच्या यादींत नांव घालते, आणि पाऊसकाळ सरतां सरतां पुन्हां ‘स्टाफ’ होते.

तिच्या वडिलांस, म्हणजे आमच्या मेहुण्यांस, यांतील पैशाची बाजू सर्वांत बोंचते. आम्हांस ती तितकी बोंचत नाहीं. मास्तरकी आणि श्रीमंती यांची गांठ कोणत्या युगांत पडली होती? आम्हांस बोंचतें तें त्या शेवटच्या रकान्याचें.

आपल्या मोठ्या कुटुंबांतून लग्नपत्रिका निघते तेव्हां काय होतें, हें वाचकांनीं आठवावें. ‘श्रीकृपेंकरून’पासून आरंभ, मग आजोबांचें नांव, काकांचीं नांवें, परदेशांतील चुलत्यांचीं नांवें, हौसेनें घातलेलीं लहान मुलांचीं नांवें. आणि जी आत्याबाई महिनाभर पहांटे चारला उठून डाळी भाजते, लाडू वळते, आल्यागेल्याचें पाहते, कोणाचें औषध कोणत्या फळीवर आहे हें जिला एकटीला ठाऊक असतें, तिचें नांव ‘समस्त परिवार’ या दोन शब्दांत गेलेलें असतें. कोणी तें मुद्दाम गाळलेलें नसतें. तसें विचारलें तर सगळे म्हणतील, “अहो, तिच्यावांचून आमचें पान हालत नाहीं!” तें खरेंही असतें. ‘स्टाफ’ हा त्याच ‘समस्त परिवारा’चा इंग्रजी अवतार. व्याकरणांत प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचें कार्य मागें राहतें, असें पाणिनीनें सांगून ठेविलें आहे. आम्हीं हा नियम पुष्कळ वर्षें शिकविला, परंतु तो माणसांसही लागू पडतो, हें भाचीच्या पत्रानें कळलें.

येथें कोणी विचारील, कीं आपल्याकडील त्यागी शिक्षकांनीं तरी काय मोठे पगार घेतले? प्रश्न योग्य आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ सालीं स्थापन झाली, फर्ग्युसन कॉलेज १८८५त निघालें, आणि त्याच्या आजीव सदस्यांनीं वीस वर्षें सेवा करण्याचें बंधन पत्करून अल्प वेतनावर काम केलें. १८९१ सालीं धोंडो केशव कर्वे गणित शिकविण्यास मुंबई सोडून आले ते दरमहा पंचाहत्तर रुपयांवर, आणि १९१४पर्यंत तेथें राहिले. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ सालीं निवृत्त झाले. हे पगार त्या काळींही थोडेच होते. पण या मंडळींत आणि आमच्या भाचींत एक भेद आहे, आणि सगळें मर्म त्यांतच आहे. ते संस्थेचे चाकर नव्हते, चालक होते. वेतन किती घ्यावें, बाहेरील काम करावें कीं न करावें, कोणास सभासद करून घ्यावें, या प्रश्नांवर त्यांनीं आपसांत वाद घातले. आणि ते वाद इतके खरे होते, कीं त्यांपायीं १८९० सालीं टिळकांनीं संस्था सोडली. भांडून बाहेर पडावयास आधीं आंत असावें लागतें! स्वखुशीनें थोडें घेणें निराळें, आणि मोजूनमापून थोडें दिलें जाणें निराळें. भाचीनें नऊ वर्षांत विभागाच्या एकाही बैठकींत मत दिलेलें नाहीं. तिला बैठकीची वेळ कळते, पण त्या वेळीं ती महामार्गावर असते.

महाराष्ट्रांतल्या वाचकांनीं हें सर्व दूरदेशचें समजून पान उलटूं नये. आपल्या कॉलेजांतून ‘तासिका तत्त्वावर’ शिकविणारे तरुण प्राध्यापक कोणी पाहिले नाहींत? सेट किंवा नेट उत्तीर्ण, कित्येक पीएच. डी. झालेले, शिकविलेल्या तासांचे तेवढे पैसे, तेही बहुधा महिनोगणती उशिरां, दिवाळींत व उन्हाळ्यांत कांहीं नाहीं. रिकाम्या जागा वर्षानुवर्षें रिकाम्या, आणि त्या जागांवरचें काम मात्र बिनचूक चाललेलें. कांहीं ठिकाणीं यांस ‘अतिथि अध्यापक’ असें गोड नांव आहे. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नसते तो अतिथि, अशी या शब्दाची जुनी फोड सांगतात. येथें जाण्याची तेवढी ठरलेली. लग्नाच्या बाजारांत अशा मुलांचें काय होतें, तें आमच्या वाचकवर्गास आम्हीं सांगावयास नको. “प्राध्यापक आहे” म्हणून स्थळ येतें, “कायम आहे का?” असा प्रश्न होतो, आणि चहाचे कप तसेच राहतात. मुलीच्या बापाचें चुकतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या मुलाच्या हाताखालून जे विद्यार्थी गेले, त्यांच्या गुणपत्रिकेवर ‘तासिका तत्त्वावर उत्तीर्ण’ असा शेरा कोणी मारीत नाहीं.

आणि विद्यार्थ्याचें यांत जें जातें, तें तर अगदींच दिसत नाहीं. भाचीच्या वर्गांत मालमोटार हांकणारे एक गृहस्थ होते, वय चाळिसांच्या पुढें. शाळा सोडून वीसएक वर्षें झालेलीं. अपूर्णांकांपासून आरंभ करून तीन सत्रांत ते कलनशास्त्रापर्यंत पोंचले. तिन्ही वेळां त्यांनीं वेळापत्रकांत ‘स्टाफ’ पाहूनही, ही बाई कोणता वर्ग घेणार हें कचेरींत विचारून, तिच्याच वर्गांत नांव घातलें. पुढें विद्यापीठांत अभियांत्रिकीस अर्ज करावयाची वेळ आली तेव्हां शिफारसपत्र हवें झालें. तो जुलै महिना. भाचीकडे त्या सत्रांत तेथील काम नव्हतें, त्यामुळें कॉलेजनें तिचा ई-मेलचा पत्ता बंद केलेला. गृहस्थ कॉलेजांत गेले. खोली नाहीं, फोन नाहीं, सूचींत नांव नाहीं. विभागाच्या कारकून बाईंनीं घरचा पत्ता द्यावयाचा नाहीं असा नियम, आणि तो योग्यच आहे. शेवटीं त्याच बाईंनीं स्वतःहून भाचीस निरोप पाठविला, आणि मुदतीच्या आदल्या रात्रीं पत्र गेलें. त्या कारकून बाईंचेंही नांव वार्तापत्रांत यावयास हवें होतें. तें आलें कीं नाहीं, आम्हांस ठाऊक नाहीं, कारण त्या महिन्याचा अंक भाचीला मिळालाच नाहीं.

आम्हीं तिला लिहिलें, कीं विभागप्रमुखांस भेट, आणि एवढीच मागणी कर, कीं जो शिक्षक सलग कांहीं सत्रें शिकवितो त्याचें नांव वार्तापत्राच्या वार्षिक यादींत यावें, आणि त्याचा पत्ता दोन सत्रांच्या मध्यें बंद होऊं नये. यांत कोणाचा पैसाही खर्च होत नाहीं. ती हंसली असावी, पण गेली. विभागप्रमुख सज्जन निघाले. स्वतःही पूर्वीं सहा वर्षें तसेंच महामार्गावर काढलेले. पत्त्याची गोष्ट त्यांनीं तत्काळ मान्य केली. यादीची गोष्ट वर विचारून सांगतों म्हणाले. तिकडे तिचे संघही आहेत, आणि खोलीचें, तासांबाहेरील कामाच्या मोबदल्याचें, पुढील नेमणुकींत ज्येष्ठतेचें त्यांनीं कांहीं कांहीं जिल्ह्यांत मिळविलेंही आहे. तेथें तिनें आतां सभासद म्हणून नांव नोंदविलें आहे.

पुढील सत्राचें वेळापत्रक परवां लागलें. तिच्याकडे तीन वर्ग आहेत, दोन एका गांवीं आणि एक दुसऱ्या. पहिल्या दोहोंपुढें तिचें आडनांव छापलें आहे. तिसऱ्यापुढें अद्याप ‘स्टाफ’ आहे. एकवीस विद्यार्थ्यांनीं नांवें घातलीं आहेत, आणखी चार आले तर वर्ग भरेल.